मदत हवी आहे: ही सॉफ्टवेअरची नावं देवनागरीत कशी लिहू? फाइल आज रात्री प्रेसला जायची आहे

रानजाई: पुस्तिकेत दोन नावांवर गाडी अडली आहे. एक ते वेबसाइट पुरवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर: सर 'नगिंक्स' म्हणतात, मुलं 'एनजिन्क्स'. एकही अक्षर रोमनमध्ये नको असं वरून सांगितलंय. लवकर सांगा.

खटपट्या: पुस्तिका कसली? कोणासाठी? दुसरं नाव कुठंय?

रानजाई: कॉलेजांच्या ग्रंथपालांसाठी, सर्व्हर सांभाळायची. दुसरं ते चिन्हात हत्ती असलेलं.

खटपट्या: हत्ती पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेचाही आहे आणि हडूप या डेटावाल्या सॉफ्टवेअरचाही, ताई!

रानजाई: डेटाबेसचा हो.

जुनाखोड: म्हणजे पोस्टग्रेस. बर्कली विद्यापीठाच्या इंग्रेस या जुन्या डेटाबेसनंतर आलं म्हणून पोस्ट-ग्रेस. 1996 मध्ये मागे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लावलं, पण 'एस' एकच, दोघांत वाटून घ्यायचा. म्हणून 'पोस्टग्रेस-क्यू-एल'. पहिलं 'इंजिन एक्स'.

कपाटकिल्ली: ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असणार. त्याला पोस्टग्रेस लागतच नाही, मायएसक्यूएल नाहीतर मारियाडीबी हे डेटाबेस लागतात. आणि त्यातली माय म्हणजे आई नव्हे बरं, लेक! ते बनवणारे मोंटी विडेनिअस, त्यांची थोरली मुलगी मी-माय काहीतरी, धाकटी मारिया. दोघींच्या नावाने एकेक डेटाबेस.

रानजाई: कोहा नाही, डीस्पेस आहे, प्रबंध-लेख डिजिटल साठवायचं. विषयावर या ना.

दवबिंदू: लोक म्हणतात तसं छापा. लिनक्स बनवणारे टोरवाल्ड्स स्वतः 'लीनुक्स'च्या जवळचं काहीतरी म्हणतात, आपण म्हणतो का?

जुनाखोड: म्हणजे चुकीचंच छापायचं? उद्या 'नगिंक्स' रूढ होईल.

दवबिंदू: झालंच आहे. तुमच्याच ऑफिसात विचारा.

खटपट्या: अहो, भांडताय काय! 'इंजिन एक्स' छापलं की वाचणारा कमांड 'ई'पासून टाइप करणार, आणि 'कमांड सापडली नाही' वाचून तुम्हालाच फोन करणार. आधी सुटी अक्षरं द्या: एन, जी, आय, एन, एक्स. उच्चार त्याच्यापुढे.

रानजाई: अगं बाई! मागच्या कार्यशाळेत पहिल्या बाकावर हेच झालं होतं, मला वाटलं कीबोर्ड बिघडलाय. तसंच करते. पोस्टग्रेसची कमांड तर 'पीएसक्यूएल' आहे, तीही सुटी करते. गेली फाइल.

अनामिक४: हे विंडोजवर चालतं का?