टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) 'एमपीएससीकडे द्या' म्हटलं की झालं का? निवेदनात नेमकं काय मागायचं?

अभ्यासिका_विश्रामबाग (सांगली)
इथल्या तीन अभ्यासिका मिळून आमदारांना निवेदन देतोय. विषय टीईटी घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचा कारभार. डिसेंबर २०२१ मध्ये पैसे घेऊन अपात्रांना पास केल्याच्या टीईटी प्रकरणात परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच अटक झाली, पुढे ७,८०० हून जास्त उमेदवार बाद ठरले. प्रामाणिकपणे पेपर दिलेल्या पोरांच्या प्रमाणपत्राकडेही तेव्हापासून संशयाने बघतात. मसुद्यात सध्या एकच ओळ आहे, "परीक्षा एमपीएससीकडे द्या." कायदा आणि प्रत्यक्ष परीक्षेचं काम माहीत असणाऱ्यांनी कृपया सांगावं, एवढं पुरेल का?

कलम_३२०
पुरणार नाही. राज्यघटनेच्या कलम ३२० प्रमाणे आयोगाचं (म्हणजे एमपीएससीचं) काम राज्याच्या सेवांमधल्या नेमणुकांसाठी परीक्षा घेणं. टीईटी ही नेमणूक नव्हे, पात्रता आहे, आणि प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचा. स्थानिक संस्थांच्या सेवा आयोगाकडे द्यायच्या तर कलम ३२१ खाली विधिमंडळाचा कायदा लागतो. तेव्हा निवेदनात कलम लिहा, नाहीतर "नियमात बसत नाही" असा एका ओळीचा शेरा मारून ते परत येईल.

त्यापेक्षा आयोगाला जे संरक्षण आहे ते परिषदेला मागा. आयोगाच्या सदस्याला ६ वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, यातलं आधी येईल तोवर मुदत. गैरवर्तनासाठी काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाची चौकशी आणि राष्ट्रपतींचा आदेश. आयोगाचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित, म्हणजे त्यावर विधिमंडळात मतदान होत नाही, आणि कलम ३२३ प्रमाणे दरवर्षीचा अहवाल विधिमंडळापुढे. परिषदेवर येणारा अधिकारी शिक्षण खात्यातून येतो आणि खात्यातच परत जातो. ज्यांच्याकडे परत जायचं त्यांना तो नाही कसं म्हणणार? निदान ठरावीक मुदत आणि मुदतीआधी बदली केल्यास लेखी कारण, एवढं तरी हवंच.

आयोगातही सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२१ मध्ये सदस्यांच्या जागाच रिकाम्या होत्या आणि मुलाखती रखडल्या. जागा रिकामी होण्याच्या ६ महिने आधी निवड सुरू करावी, ही मागणी दोन्हीकडे लागू पडते.

गोळा_आणि_स्कॅनर
दादा, वरचं सगळं बरोबर आहे, पण टीईटीत घोळ झाला तो उत्तरपत्रिका आणि निकाल यांच्या मधल्या टप्प्यात. तिथलं मागितलं नाही तर मुदत, अहवाल सगळं कागदावर राहील.

ओएमआर (गोळे भरायची उत्तरपत्रिका) स्कॅन झाली की मशीन प्रत्येक गोळ्याचा गडदपणा मोजतं. फिका गोळा, खोडलेला गोळा, दोन भरलेले गोळे आले की ती पत्रिका बाजूला पडते आणि ऑपरेटर पडद्यावर बघून उत्तर ठरवतो. दार आहे ते इथे. या खिडकीत बसलेला माणूस रिकाम्या प्रश्नालाही 'ब' देऊ शकतो आणि मागे खूण राहत नाही. म्हणून हाताने केलेला प्रत्येक बदल जुनी नोंद, नवी नोंद, वेळ आणि दोन माणसांच्या लॉगिनसह साठवला पाहिजे, आणि त्यातला एक जण कंत्राटदाराचा नसावा.

रिकामा गोळा हाच मुळात धोका. राजस्थान लोकसेवा आयोगाने पाचवा गोळा ठेवलाय: उत्तर द्यायचं नसेल तर तो भरायचा. १० टक्क्यांहून जास्त प्रश्नांना कुठलाच गोळा नसेल तर उमेदवार अपात्र. मागून भरायला जागाच उरत नाही.

तिसरं, उमेदवाराला उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत हवी. आणि स्कॅनिंग जिल्ह्याच्या ठिकाणी, त्याच संध्याकाळी. प्रतिमांच्या फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलमधल्या मजकुरावरून संगणक काढतो ती ६४ अक्षरांची ओळ) लगेच संकेतस्थळावर टाकायचा. नंतर एका पत्रिकेतला एक गोळा बदलला तरी ठसा जुळत नाही. याला खर्च जवळजवळ काहीच नाही, म्हणून नकाराला कारणही उरत नाही.

छपाई, स्कॅनिंग आणि निकाल ही तीन कामं एकाच कंपनीला नकोत. पोटकंत्राटाला पूर्ण बंदी.

माण_खटाव (सातारा)
केंद्रावरचंही थोडं घ्या. वर्गात सीलबंद पाकीट आलं की फोडण्याआधी दोन उमेदवारांच्या सह्या घेतात. सहीबरोबर घड्याळातली वेळ लिहून घ्यायला सांगा. "पाकीट आधीच फुटलं होतं" अशी तक्रार पुढे गेली की नुसत्या सहीवरून काही ठरवता येत नाही. आणि केंद्रावरचा निरीक्षक दुसऱ्या तालुक्यातला हवा. दहिवडीत दहिवडीचाच नको.

अभ्यासिका_विश्रामबाग (सांगली)
मनापासून आभार. "पारदर्शकता आणावी" ही ओळ काढून टाकली, तिच्या जागी ऑपरेटरच्या नोंदी, पाचवा गोळा, ठसा आणि आयुक्तांची मुदत असं लिहितोय. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा केंद्र सरकारचा कायदाही जोडावा का?

कलम_३२०
२०२४ चा ना? तो यूपीएससी, कर्मचारी निवड आयोग (एसएससी), रेल्वे, राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) अशा केंद्र सरकारच्या परीक्षांचा. त्यात ३ ते ५ वर्षं कैद, संघटित गुन्ह्याला ५ ते १० वर्षं आणि किमान १ कोटी दंड. टीईटीला तो लागू नाही, तेव्हा नमुना म्हणूनच दाखवा.

निवेदनाआधी माहिती अधिकारात एक अर्ज टाका: मागच्या टीईटीचा करारनामा आणि कंत्राटदाराच्या कामाची व्याप्ती, दोन्हींच्या प्रती. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. करार हातात असला की कुठलं कलम बदला हे आमदारांना पान उघडून दाखवता येतं.