खेळता खेळता ऐकायला शिकलेली मुले : अनुभव धागा

सांगली-सातारा परिसरातील शिक्षक, पालक आणि अंगणवाडी सेविका यांनी, सांघिक खेळांमुळे मुलांना एकमेकांचे ऐकण्याची व एकमेकांना सांभाळून घेण्याची सवय कशी लागली, हे येथे लिहावे, अशी विनंती आहे. जे फसले, तेही अवश्य लिहावे. सुरुवात मीच करते.

शिक्षिका, तासगाव तालुका

खो-खोमध्ये ८ गडी मधल्या पाटीत एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. खो मात्र पाठीमागूनच मिळतो, त्यामुळे बसलेल्या गड्याला कानांवरच विसंबावे लागते आणि खो मिळण्याआधी उठल्यास फाऊल होतो. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा दर वेळी आधीच उठायचा आणि इतर मुले त्याच्यावर ओरडायची. मग मी सर्वांना डोळे मिटून जागेवर बसवले, अनवाणी पायांनी त्यांच्या मागून फिरले आणि काहींच्या पाठीला नुसताच हात लावला, तर काहींना हात लावून ‘खो’ म्हटले. शब्द ऐकू आला तरच उठायचे, एवढाच नियम होता. पंधरवड्यानंतर तोच मुलगा दोन्ही तळवे मातीवर टेकवून, मान किंचित कलती करून बसू लागला. वर्गातही तो प्रश्न पुरता होण्याआधी उत्तर देईनासा झाला, याचा मला फार आनंद आहे.

अंगणवाडी सेविका, मिरज

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ मी कित्येक वर्षे चुकीच्या पद्धतीने घेत होते, असे आता वाटते. ज्याला ऐकण्याची सवय सर्वांत कमी, तेच मूल पहिल्यांदा बाद होते आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसते, म्हणजे ज्याला सरावाची गरज अधिक, त्यालाच तो मिळत नाही. आता बाद झालेले मूल माझ्या शेजारी उभे राहून पुढची आज्ञा देते. स्वतः आज्ञा देताना समोरच्यांनी ऐकले नाही, की त्याला ते लगेच जाणवते.

पालक, सांगली

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही एका शाळेत मुक्कामाला होतो. वेगवेगळ्या गल्ल्यांतली, एकमेकांना न ओळखणारी मुले दिवसभर भांडत असत. कोणीतरी फरशीचे सात तुकडे आणि चिंध्यांचा चेंडू आणला आणि लगोरी सुरू झाली. एकाने लगोरी रचायची, तोवर बाकीच्यांनी चेंडू मारणाऱ्यांना आपल्या मागे खेचून न्यायचे, हे ठरवण्यासाठी मुलांना आधी एकमेकांची नावे विचारावी लागली.

आजी, कराड

माझ्या नाती फुगडीत एकमेकींना जोरात ओढत असत. “तिचा तोल तुझ्या हातात आहे,” एवढेच मी मोठीला सांगितले. आता ती धाकटीचा श्वास चढलेला ऐकून स्वतःच वेग कमी करते.