मदत हवी आहे: प्राचीन चिनीतला 'झी' – एकाच ओळीत दोनदा, दोन्ही वेळा अर्थ वेगळा?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. आधुनिक चिनी थोडीफार येते, आता हौसेने प्राचीन चिनी वाचायला घेतली आहे. एका अक्षरापाशी गाडी अडली आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

इथे चिनी अक्षरं टाकली की काहींना नुसते चौकोन दिसतात, म्हणून वर्णन करतो. वर एक टिंब, त्याखाली आडवी निघून डावीकडे खाली उतरणारी रेघ आणि तळाशी उजवीकडे ओढलेला फराटा. उच्चार 'झी' धरू (वाहिनीशी संबंध नाही). खरं तर जीभ मागे वळवून काढलेला, 'च' आणि 'झ'च्या मधला आवाज आहे.

आजच्या चिनीत हे अक्षर मला अपूर्णांकात भेटलं होतं. एक तृतीयांश म्हणजे 'तीन भाग-झी-एक', तीन भागांचा एक. त्यामुळे झी म्हणजे आपला चा-ची-चे, असं डोक्यात बसलेलं. आता मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या, त्याच्याच नावाच्या ग्रंथातला हा प्रसंग पाहा. 'ची' नावाच्या जुन्या चिनी राज्याचा राजा श्वान दरबारात बसलाय, खालून कुणी एक बैल ओढत नेतोय. मग येतं:

'वांग ज्येन झी' (राजा-पाहणे-झी), 'य्वे' (म्हणाला), 'न्यौ ह झी?' (बैल-काय/कुठे-झी?)

'चा' लावला तर 'राजा पाहण्याचा' आणि 'बैल कशाचा'. काहीच हाती लागत नाही. शब्दकोशात या अक्षराखाली एवढे अर्थ दिलेत की कुठला उचलायचा तेच कळेना. वाक्यातली जागा पाहून ओळखायची काही युक्ती आहे का?

शाईचा_डाग

आहे. तुम्ही नेमकं असं वाक्य निवडलंत ज्यात 'चा' एकदाही नाही. :)

पहिला झी म्हणजे 'त्याला'. क्रियापदाच्या लगेच मागे आला आणि पुढे वाक्य तुटलं, की बहुतेक वेळा हाच अर्थ. राजाने ते पाहिलं. हे सर्वनाम कर्म म्हणूनच येतं, कर्ता म्हणून नाही. 'तो गेला' यातल्या 'तो'साठी झी वापरता येत नाही.

दुसरा झी चक्क क्रियापद आहे: जाणे. 'बैल कुठे चाललाय?' वाक्यात दुसरं क्रियापदच नाही, ही खूण. मेन्शियसमध्येच तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला तंग देशाचा युवराज 'ज्यांग झी छू', म्हणजे छू देशाला जायला निघालेला असतो. झीच्या पुढे गावाचं किंवा देशाचं नाव आणि आधी क्रियापद नाही, तर 'जाणे' लावून बघायचं.

तोच प्रसंग पुढे वाचा. नोकर सांगतो, नव्या घंटेला रक्ताचा लेप द्यायचाय, त्यासाठी नेतोय. राजा म्हणतो 'श झी', सोड त्याला, त्याचं थरथरणं मला बघवत नाही. मग घंटेचा विधी रद्द करायचा का? छे, 'यी यांग यी झी', मेंढरू देऊन त्याला बदला. दोन्हीकडे झी म्हणजे 'त्याला'.

कोरा_कागद

वरच्या उत्तराला +१. थोडी भर घालतो.

'जाणे' हा अर्थ सर्वांत जुना, आणि तो चित्रातच आहे. शांग या प्राचीन चिनी राजवटीच्या काळातल्या हाडांवरच्या लेखांत हे अक्षर म्हणजे एका आडव्या रेघेवर पाऊल: जागा सोडून निघालेला पाय. 'त्याला' आणि 'चा' हे अर्थ उच्चार जुळतो म्हणून नंतर याच चिन्हावर लादले गेले. गंमत म्हणजे इ.स. १००च्या सुमारास श्यू शन याने आपल्या कोशात हे अक्षर म्हणजे जमिनीतून वर येणारं रोप असं सांगितलंय. त्या बिचाऱ्यापुढे ती हाडं कुठे होती! ती अभ्यासकांच्या नजरेत आली १८९९मध्ये.

आता 'चा'कडे. तो आहेच, पण नुसता नामाला नाम जोडत नाही. प्राचीन चिनी इतिहासकार शिमा छ्यान याच्या इतिहासात हरलेला सेनापती श्यांग यू म्हणतो, 'थ्येन झी वांग वो', आभाळ-झी-बुडवणे-मला, 'फेइ ज्यान झी झ्वेइ', नव्हे-लढाई-झी-दोष. मराठीत करून बघा: 'हे आभाळाचं मला बुडवणं आहे, लढाईचा दोष नव्हे.' दोन्ही ठिकाणी आपलाही षष्ठी प्रत्ययच लागतो! इंग्रजीतून शिकणाऱ्यांना कर्ता आणि क्रियापदाच्या मधला हा झी फार छळतो. आपण 'त्याचं बोलणं', 'पावसाचं येणं' रोज म्हणतो, तेव्हा हा धडा फुकटात सुटला.

पाटीपेन्सिल

वा! 'आभाळाचं बुडवणं'ने डोक्यात लख्ख झालं. दोघांचे आभार.

दोन उपप्रश्न. कन्फ्यूशियसच्या संवादांचं पहिलंच वाक्य: शिकावं आणि वेळोवेळी 'झी'चा सराव करावा, यात आनंद नाही का? इथे 'त्याचा' म्हणजे कशाचा? आधी कशाचाच उल्लेख नाही. आणि 'वेइ झी यौ ये' (अजून नाही-झी-असणे) यात झी क्रियापदाच्या आधी कसा काय?

शाईचा_डाग

पहिल्यात शोधत बसू नका. जे शिकलात ते. क्रियापदाला कर्म हवं म्हणून झी येतो, त्यामागे ठरावीक वस्तू असायलाच हवी असं नाही.

दुसरा नियम लिहून ठेवा. वाक्य नकारार्थी असेल आणि कर्म सर्वनाम असेल, तर कर्म उडी मारून क्रियापदाच्या आधी येऊ शकतं. 'असं कधी झालेलं नाही' इतकाच अर्थ. प्रश्नार्थक सर्वनामही तसंच पुढे येतं, म्हणूनच 'ह झी', कुठे जाणे. आपल्याला तर हाच क्रम सवयीचा!

बाकी 'शी जिंग' या जुन्या काव्यसंग्रहात झी नामाच्या आधी येऊन 'ही' किंवा 'हा' असा अर्थ देतो: 'झी झ यू ग्वेइ', ही मुलगी सासरी निघाली. तो तिकडे गेलात की बघा, मेन्शियस वाचताना त्याचा त्रास नाही.

पाटीपेन्सिल

अवांतर: पुढे मेन्शियस राजाला सांगतो की प्रजेला वाटतं, तुम्ही 'आइ' केलंत. आइ म्हणजे प्रेम ना? बैलावर प्रेम केलं, ही तक्रार कशी?

कोरा_कागद

इथे आइ म्हणजे चिकटपणा. 'त्याचा पैशावर फार जीव' म्हणतो ना आपण, तसं. मोठं जनावर वाचवून स्वस्तातलं मेंढरू दिलं, असा लोकांचा ग्रह. राजा वैतागून म्हणतो, 'ची देश लहान असेल, पण मी एका बैलावर कशाला जीव टाकीन?' मेन्शियसचा रोख वेगळाच आहे: तुम्हाला दया आली कारण बैल समोर दिसला, मेंढरू दिसलं नव्हतं.

राजाच्या त्या वाक्यात 'ह' पुन्हा आहे, पण इथे तो 'कुठे' नसून 'कशाला'. त्यासाठी नवा धागा काढा, हा फार लांबला.