मदत हवी आहे: टेक्ससमध्ये पिस्तूल कॅरी करणाऱ्यांनी घरात लहान मूल आल्यावर काय बदललं?

रात्रपाळी_केटी

नमस्कार. बंदुका असाव्यात की नसाव्यात हा वाद कृपया इथे नको. अमेरिकेत, शक्यतो टेक्ससमध्ये, जे रोज पिस्तूल कॅरी करतात (भरलेलं अंगावर बाळगतात) किंवा करायचे आणि सोडलं, त्यांचं ऐकायचंय.

मी ह्यूस्टनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते, राहते जवळच्या केटी गावात. ग्रीन कार्ड आल्यावर लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल बाळगायचा टेक्ससचा परवाना, काढलं. (एच-१बी वर असताना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर शस्त्र बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. नवीन आलेल्यांनी हे आधी नीट वाचा.) सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं. पण शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेण्याची सूट केंद्रीय कायदा राज्याच्या लायसन्सवाल्यांनाच देतो, आणि आमच्या रस्त्याच्या टोकालाच प्राथमिक शाळा आहे.

तेव्हा भीती एकाच जागेची होती: पहाटेचं पार्किंग गॅरेज. तिथे एका सहकारी मुलीची पर्स चाकू दाखवून हिसकावली होती. तेवढ्यासाठी पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर पुरेसं वाटलं. मग मे २०२३ मध्ये डॅलसजवळ ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअरही होती. आमच्या ओळखीच्या अर्ध्या लोकांची खरेदी त्याच मॉलमधली. त्यानंतर रेंजवरचं (नेमबाजीचा सराव करतो तिथलं) बोलणंच बदललं. एकटा चोर समोर आला तर काय, हे मागे पडलं आणि पाच गोळ्या पुरतील का, हे सुरू झालं. मीही सिग कंपनीचं पी३६५ पिस्तूल घेतलं. जेमतेम इंचभर जाड आणि १० अधिक १ गोळ्या (दहा मॅगझिनमध्ये, एक नळीत चढवलेली).

आता मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि माझी भीती पुन्हा जागा बदलून बसली आहे. गॅरेजपेक्षा मला माझ्याच बेडरूमची जास्त काळजी वाटते.

अडचण रोजची आहे. स्क्रबच्या पँटला पट्टा नसतो, नाडी असते. नाडीवर होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) टिकत नाही, वजनाने पँट खाली ओढली जाते. म्हणून बेलीबँड (पोटाभोवती बांधायचा रुंद पट्टा), आत ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, कवच. मुलाला कडेवर घेतलं की त्याची टाच नेमकी तिथेच लागते. पर्समध्ये ठेव असं मैत्रिणी सांगतात. ते मी कधीही करणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोत वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि गोळी सुटून ती जागीच गेली. पर्सला पिस्तुलासाठी खास चेनचा कप्पा होता, आणि तरीही हे झालं.

दुसरं, हॉस्पिटलच्या दारावर ३०.०६ ची पाटी आहे, म्हणजे लायसन्स असूनही आत नेता येत नाही. २०११ च्या कायद्यामुळे नोकरीच्या पार्किंगमध्ये आपल्या बंद गाडीत ठेवायला मालक मनाई करू शकत नाही. पण म्हणजे रात्रभर ते गाडीत, आणि ह्यूस्टनमध्ये गाड्यांच्या काचा कशा फुटतात ते सगळ्यांना माहीत आहे. माझं पिस्तूल चोरीला जाऊन दुसऱ्या कुणावर रोखलं गेलं, हा विचार मला सहन होत नाही.

त्यात पुढच्या महिन्यात सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी येताहेत. दिवसभर मूल त्यांच्याकडेच असेल.

तर विचारायचं हे: चेंबर रिकामं ठेवून (नळीत गोळी न चढवता) कॅरी करता का? मॅन्युअल सेफ्टीचं (गोळी सुटू नये म्हणून हाताने लावायच्या खटक्याचं) मॉडेल घेतलं तर खरंच फरक पडतो का? आणि ज्यांनी सोडलं, त्यांनी कशावरून ठरवलं?

ऑस्टिनकर

ताई, चेंबर रिकामं ठेवायला हरकत नाही, पण मग गोळी चढवायला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढावी लागते आणि त्याला दोन्ही हात मोकळे लागतात. कडेवर मूल असेल तर ते जमणार नाही. सेफ्टीचं मॉडेल पी३६५ मध्ये मिळतं, फक्त ती दाबायची सवय अंगात मुरेपर्यंत रेंजवर वेळ द्यावा लागतो. माझ्या मते खरा धोका अंगावर असताना कमी आणि काढून ठेवताना जास्त. घरात शिरल्यावर चप्पल काढायच्या आधी ते तिजोरीत गेलं पाहिजे, फ्रिजवर नाही, कपाटात साड्यांखाली नाही. गाडीत सीटच्या लोखंडी फ्रेमला केबलने बांधलेला लॉकबॉक्स लावा, आणि हॉस्पिटलच्या गॅरेजमध्ये पोचायच्या आधीच पिस्तूल त्यात ठेवा. तिथे पोचून काढताना कोणीतरी बघतं.

सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांनाही तो केंद्रीय कायदा लागू होतो. तिजोरीचा कोड त्यांना सांगू नका, 'इमर्जन्सीला असू दे' म्हणूनसुद्धा नाही.

अनघा_प्लेनो

मी सोडलं, म्हणून लिहिते. बाळंतपणानंतर माझं मन बरेच महिने ठीक नव्हतं आणि एके दिवशी नवऱ्याला मीच म्हटलं की हे घरातून ने. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून जास्त आत्महत्या असतात. बाहेरच्या माणसाची भीती मोजताना घरातल्या माणसांची मनंही मोजायला हवीत, हे रेंजवर कोणी बोलत नाही. तू पहाटे थकून, झोप अपुरी असताना गाडी चालवत घरी येतेस, तेही मोज. आणि गॅरेजसाठी हॉस्पिटलच्या सिक्युरिटीला गाडीपर्यंत सोबत मागितलीस का? आमच्याकडे एका फोनवर गार्ड येतो.

ऑस्टिनकर

अजून एक, भारतात जाताना ज्या बॅगा रेंजवर नेल्यात त्या अजिबात नेऊ नका. तळाशी एक गोळी राहिली आणि विमानतळावर सापडली की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. मुद्दाम बाळगली नव्हती हे पटून हायकोर्टात पुष्कळदा केस रद्द होते, पण तोवर सुट्टी वकिलाकडे जाते.

रात्रपाळी_केटी

दोघांचेही मनापासून आभार. अनघा, तू हे लिहिलंस याचं मोल मला कळतंय. सिक्युरिटीला आजच विचारलं. रात्री अकरा ते सकाळी सात गार्ड गाडीपर्यंत येतो. म्हणजे ज्या कारणासाठी हे सुरू केलं होतं ते बरंचसं इथेच मिटतंय. सासू-सासरे असेपर्यंत कॅरी बंद, पिस्तूल तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात. लायसन्स मात्र चालू ठेवणार.

आता तिजोरीबद्दल सांगा. बोटाच्या ठशाची की आकड्यांची? लॅबमध्ये सतत हात धुऊन माझी बोटं इतकी कोरडी पडतात की फोनसुद्धा ठसा ओळखत नाही.