जुनी मोठी गाडी आणि कोकणातली खारी हवा: काय काय गेलं, किती लागले?

मिऱ्याकर

परवा हातखंबा तिठ्यावर चहाला थांबलो होतो. समोरून टोइंगच्या ट्रकवर एक जुनी सात सीटर गेली. गडद हिरवा रंग, मागच्या दारावर स्टेपनी. काळजात चर्र झालं. बाबांची अगदी अशीच होती.

1998 ला सफारी आली, 2002 ला स्कॉर्पिओ, आणि त्या काळात आमच्याकडे ज्याला त्याला उंच गाडी हवीशी झाली. बाबांनीही घेतली. कुठली ते लिहीत नाही, नाहीतर पहिल्या चार प्रतिसादांतच कंपन्यांवरून महाभारत होईल.

इंजिनाने कधी दगा दिला नाही. गाडी संपली ती खालून. घर समुद्राला लागून, पावसाळी वारा सुटला की सकाळी काचेवर खारट थर. एकदा फिटरने गाडी लिफ्टवर घेतली, मागच्या चाकाच्या वर चेसिसला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरून अंडरकोटिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून पोटाला मारलेला थर, काळंकुळकुळीत, शाबूत. आत नुसते पापुद्रे. तो म्हणाला, आधीच धरलेल्या गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते, मग काम अजून लवकर होतं. चेसिसला प्लेट मारून वेल्डिंग, ब्रेकचे लोखंडी पाइप, मागचा सायलेन्सर, बॉडीखालचे रबर माउंट, सगळे मिळून 38 हजार. गाडी विकायला काढली असती तर दीड लाखसुद्धा कोणी दिले नसते. बाबा म्हणाले, "कर."

तुमच्याकडे आहे का अशी? आकड्यांसकट लिहा. लाजू नका, इथे सगळेच लुटलेले आहेत.

सुरंगी

एसी!! बाकी काही नाही, फक्त एसी.

दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, दोन हजार. गणपतीपर्यंत परत गरम हवा. आमचे हे म्हणायचे खिडक्या उघड, समुद्राची हवा घे. शेवटी दाभोळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली झोपून दाखवलं. मागच्या सीटसाठी जो वेगळा एसी असतो त्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. ॲल्युमिनियमचे. क्लॅम्पखाली मीठ-चिखल बसतो आणि नेमका तिथेच पाइप सडतो. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे! इतकी वर्षं सगळे डॅशबोर्डमधल्या कूलिंग कॉइलवर संशय घेत होते. एकाने तर डॅशबोर्ड उतरवून नवीन कॉइल टाकलीसुद्धा, साडेनऊ हजार मजुरीसकट. पाइपचं काम झालं साडेतीन हजारांत.

भात उतू जातोय, आले.

वेंगुर्ल्याचो

उंदीर. उंदरान वायरिंग खाल्ल्यान.

रातीक गाडी चांगली ठेवलंय, सकाळी सेल्फच मारिना. बॉनेट उघडून बघतंय तर एअर फिल्टरच्या डब्यात काजूची बोंडां आणि कापसाचा घर. मेकॅनिक म्हणता इंजिनचा अख्खा वायरिंग बदलूचा लागतला, 22 हजार. मियां म्हटलंय, उंदराक भाड्यान देतंय गाडी, तूच सांभाळ. मग दुसऱ्या एका इलेक्ट्रिशियनान बसून एकेक वायर जोडल्यान, अडीच हजारात. अजून चलता.

काजूबी

@वेंगुर्ल्याचो, रात्री बॉनेट उघडं ठेवा. उंदराला अंधार आणि ऊब लागते. तंबाखूची पुडी, डांबराच्या गोळ्या, सगळं करून झालंय आमचं, आठवड्यात वास उडतो. मांजर पाळा हे सगळ्यात उत्तम.

वेंगुर्ल्याचो

मांजर आसा. ता बॉनेटवरच झोपता. उंदीर खाली, मांजर वर, दोघांका गरम लागता.

काजूबी

😂😂

घाटउतार

गॅरेज लाइनमध्ये आहे, लांजा. थोडं सविस्तर लिहितो, गिऱ्हाईक जेवायला गेलंय.

खर्चाची मोठी ठिकाणं ठरलेली आहेत. पहिलं क्लच. नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक) येतं, आत स्प्रिंगा. ती स्प्रिंग गेली की गाडी न्यूट्रलला उभी असताना खडखड आवाज येतो आणि क्लच दाबला की आवाज बदलतो. लोक नुसती प्लेट बदलून घेतात, चार महिन्यांत परत येतात. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर सगळा सेट टाका, बेअरिंगसकट. 30 ते 45 हजार, गाडीप्रमाणे. जुन्या साध्या फ्लायव्हीलच्या गाडीत हेच काम 10-12 हजारांत होतं. म्हणून मी म्हणतो, नवी जुनी गाडी घेण्यापेक्षा जुनी जुनी घ्या.

दुसरं, आणि हे कोणी सांगत नाही. जुन्या डिझेलमध्ये ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्युम पंप डायनामोच्या मागे बसवलेला असतो. त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल डायनामोत शिरतं. डॅशवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, माणूस बॅटरी बदलतो. आणि नेमका घाट उतरताना ब्रेक दगडासारखा होतो. बॅटरीचा दिवा आणि कडक ब्रेक एकदम आले तर आधी डायनामोमागे हात फिरवा, तेलकट लागेल. सील, बुश, मजुरी धरून दोन-तीन हजारांचं काम आहे. नाही केलं तर डायनामोच नवा, 9 हजार पुढे.

तिसरं नोझल, इंजिनात डिझेल फवारणारं. कॉमन रेलचं, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाचं, एक नवं नोझल 14-18 हजार, अशी चार. रिपेअर करून मिळतात निम्म्यात, पण टेस्ट बेंचचा कागद मागा. बिघडतात कशाने? पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी. फिल्टरच्या खाली पाणी सोडायचा स्क्रू असतो, महिन्यातून एकदा सैल करून कप धरा. फुकट काम आहे.

आणि घाटाचं: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. अंबा घाट न्यूट्रलला टाकून उतरणारे महाभाग अजून आहेत. दोन टन गाडी, वर आंब्याच्या पेट्या, ब्रेक तापून जळका वास येतो आणि मग आम्हाला फोन.

सुरंगी

घाटउतार दादा, बॅटरीचा दिवा आमच्याही लागतो अधूनमधून 😟 आज बघायला सांगते ह्यांना.

घाटउतार

ताई, गाडी चालू असताना पट्ट्याजवळ हात घालू देऊ नका. बंद करून, थंड झाल्यावर.

नाखवीण

आमच्याकडे मिठासाठी खारी हवा कशाला हवी. मागे मासळीचे क्रेट जायचे, हर्णैहून खेडच्या बाजाराला. बर्फ वितळून खारं पाणी कार्पेटखाली. वरून सगळं छान, सासूबाईंनी त्यावर सतरंजी पण अंथरलेली. एकदा स्टेपनी काढायला दिराने मागचं कार्पेट उचललं तर खालचा रस्ता दिसला. खरंच, गाडीत बसून डांबर दिसत होतं! टिंकरने नवा पत्रा मारला, 11 हजार. वास मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता, तो अजून आहे. पाहुण्यांना सांगते, आमची गाडी डोळे मिटून ओळखाल.

काजूबी

वास जायला कच्च्या फणसाच्या... अहो नाही, फणसावरून आठवलं. आमच्या गाडीच्या टपावर फणस पडला होता. बरका, मऊ गराचा. टपाला हा एवढा खड्डा आणि गर खिडकीतून आत. डेंटिंग 4 हजार. विमावाल्याला फोन केला तर विचारतो, "समोरची गाडी कुठली?"

वेंगुर्ल्याचो

झाडाचो नंबर सांगूचो ना.

देवगडहापूस

कापा असता तर गरे तरी खाता आले असते. बरका म्हणजे दुहेरी नुकसान.

काजूबी

बरक्याची सांदणं होतात, म्हणजे काय बोलता. आमच्याकडे कापा कोणी बघत पण नाही.

मिऱ्याकर

मंडळी, गाडी 🙏

गोवळकोट

चिपळूण. 22 जुलै 2021 चा महापूर. बाकी सांगायला नको.

काकांची गाडी गल्लीत उभी होती, पाणी स्टिअरिंगच्या वर. पाणी उतरल्यावर शेजारच्यांनी "बघूया लागते का" म्हणून सेल्फ मारला आणि त्यांच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड वाकला. सिलिंडरमध्ये पाणी असलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, मग वाकणार ते लोखंडच. काकांनी बॅटरीची वायर काढून ठेवली आणि चावी आजीकडे दिली, कोणी मागितली तरी द्यायची नाही म्हणून.

आठवड्यानंतर कऱ्हाडहून ओळखीचा फिटर आला. सगळ्या हीटर प्लग काढल्या, इंजिन फिरवून पाणी उडवलं. इंजिनचं, गिअरबॉक्सचं, मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) ऑइल काढलं, तिन्ही चहासारखी. भरलं, थोडं चालवलं, परत काढलं. डिफरन्शियलचं लोक विसरतात. त्याला वर हवेची छोटी नळी असते, त्यातून पाणी आत जातं.

विम्याचं वेगळंच. गाडीची विम्यातली किंमत 1 लाख 90 हजार, शोरूमचा अंदाज 1 लाख 60. दुरुस्ती किमतीच्या 75 टक्क्यांवर गेली की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण बाद धरतात. जुन्या गाडीची किंमतच इतकी कमी लावलेली असते की नुसते सीट, वायरिंग आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) धरले तरी टोटल लॉस. काकांनी भंगाराची रक्कम वजा करून पैसे घेतले, गाडी ठेवली आणि बाहेर 85 हजारांत उभी केली. पॉवर विंडो एक अजून स्वतःच्या मर्जीने वरखाली होते. बाकी ठणठणीत.

नाखवीण

गोवळकोट 🙏 आमची मावशी होती त्या वेळी पहिल्या मजल्यावर. अजून पाऊस जोरात लागला की रात्री झोपत नाही.

गोवळकोट

आमच्याकडेही तेच. हवामान खात्याचा इशारा आला की आधी गाडी वर उंचावर नेऊन लावायची, मग जेवायचं.

डोंबिवली_ते_कणकवली

चाकरमानी हजर. आमचा खर्च वर्षाला ठरलेला, गणपतीनंतर.

मुंबई-गोवा हायवेवर पनवेल ते इंदापूरपर्यंत इतकी वर्षं रस्ता होता की नांगरट. गावी पोचेपर्यंत पुढून कटकट, स्टिअरिंग डावीकडे ओढणार. बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, पुढचे दोन शॉकअप, आणि अलाइनमेंट. मागच्या खेपेस 19 हजार. मुंबईत याच कामाचे 31 सांगितले होते, कणकवलीत गावच्याच पोराने केलं. पार्ट कोल्हापूरहून आले, सकाळी सांगितले की संध्याकाळच्या एसटीने हजर.

एक टीप. बुश बसवताना गाडी जॅकवर असते, तेव्हाच बोल्ट पक्के आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचा आवळा. आमच्या पोराला हे माहीत होतं, मुंबईच्या एसी वेटिंग रूमवाल्यांना नव्हतं.

घाटउतार

बरोबर. त्या पोराला माझ्याकडे पाठवा 😀

देवगडहापूस

15 वर्षं झाली का कोणाची? आमची झाली. परत पासिंगची फी एप्रिल 2022 पासून 600 ची 5000 झाली, वर पर्यावरण कर, आणि पासिंग मिळतं पाचच वर्षांचं. पण खरा खर्च आधी होतो. पासिंगला न्यायची म्हणून दारांच्या खालचा सडलेला पत्रा, रंग, हँडब्रेक, हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा. 26 हजार गेले. बायको म्हणाली लग्नाचा हॉलसुद्धा एवढ्यात मिळाला असता.

तरी विकली नाही. आंब्याच्या दिवसांत बागेतल्या कातळावरून पेट्या भरून ही एकच गाडी वर येते. शेजाऱ्याची नवी चकचकीत पहिल्याच वळणाला पोट घासते.

ओटीवरून

मी गाडीवाला नाही. पण आमच्या अख्ख्या वाडीत एकच अशी गाडी होती आणि वाडीतली निम्मी पोरं त्या गाडीतूनच दवाखान्यात पोचून जन्मली. मालकाने एकाकडूनही डिझेलचे घेतले नाहीत. सायलेन्सर तुटलेला, त्यामुळे रात्री ती सुटली की सगळ्यांना कळायचं कोणाकडे काय झालं. आता तो मुलाकडे पुण्याला असतो.

सुरंगी

किती छान 🥹

आणि घाटउतार दादा, ह्यांनी बघितलं. डायनामोमागे तेलकट आहे. आता घरात शांतता पसरली आहे.

घाटउतार

घाबरू नका, वेळेत कळलं. पण आता घाटात नेऊ नका. दापोलीतच कोणाकडूनही सील किट टाकून घ्या. जुना पंप खोलल्यावर आतली पाती झिजलीत का तेवढं समोर बसून बघा.

डोंबिवली_ते_कणकवली

सुरंगीताई, तो मागच्या एसीचा पाइप नवा मिळाला की बनवून घेतला? आमचाही तिथेच ओला दिसतोय.

सुरंगी

नवा कुठे मिळत नाही हो. सडलेला तुकडा कापून तिथे रबरी होज प्रेस करून घेतला, ट्रकच्या एसीवाल्याकडे. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलंय.

डोंबिवली_ते_कणकवली

त्या एसीवाल्याचं गॅरेज नक्की कुठे, खेडकडे की दापोलीत?

सुरंगी

दापोलीतच. व्यनि (खासगी निरोप) करते. आधी ह्यांना चहा देऊन येते.