मदत हवी आहे: गावच्या वाचनालयासाठी पुढचं पुस्तक कसं शोधता?

पळसफूल:

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, ड वर्गातलं. संध्याकाळी ते मी उघडते. मार्चच्या आत पुस्तकखरेदी करायची आहे आणि या खेपेला समितीनं निवड माझ्यावर सोपवली आहे.

पैसा कमी आहे, पण ते रडगाणं गायला आले नाही. खरी अडचण अशी की इथे पुस्तक चाळता येत नाही. शहरातला वाचक दुकानात शिरतो, उभ्यानं चार पानं वाचतो, नाही पटलं तर परत ठेवतो. आमच्या तालुक्याला गाईडं, वह्या आणि पोथ्या मिळतात. कथा-कादंबरी घ्यायची तर नावावरून आणि मुखपृष्ठाच्या फोटोवरून. मग एखादं पुस्तक कुणी न उघडता कपाटातच राहतं आणि तेवढ्या पैशात दुसरं आलं असतं ही रुखरुख लागते.

नेटवर याद्या भरपूर आहेत. पण पहिली वीस-पंचवीस नावं सगळीकडे तीच, आणि ती आमच्याकडे आहेतच. 'मृत्युंजय', 'स्वामी', 'श्रीमान योगी' वाचून वाचून खिळखिळी झालीत. अमक्याला हे आवडलं, तर आता त्याच्या हातात काय द्यावं, हे मला कुणी सांगत नाही. म्हणून मी माझे वाचक सांगते, तुम्ही पुस्तकं सांगा.

आमचे एक काकाजी आहेत, सत्तरी ओलांडलेले. ग्रामगीतेचे एकेचाळीस अध्याय त्यांचे पुन्हा पुन्हा वाचून झालेत, ऐतिहासिक कादंबऱ्याही संपल्या. परवा पुस्तक परत करताना म्हणाले, "पोरी, हे झालं कादंबरीतलं. आता खरंखुरं काय झालं ते दे. अन् आपल्या वऱ्हाडात तवा काय चालू होतं, थे बी कोनं लिवलं असन ना?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या आहेत बचत गटातल्या बाया. कापूस वेचणी उरकली की दुपारी त्या वाचनालयात जमतात आणि मी वाचून दाखवते. काहींची शाळा चौथीतच सुटली, काहींना अक्षर ओळखू येत नाही, पण ऐकताना एक शब्द सुटत नाही त्यांचा. आधी 'स्मृतिचित्रे' वाचलं. लक्ष्मीबाईंच्या संसारातल्या गमतींवर खोली दणाणून जायची. मग 'धग' घेतलं. आपलीच वऱ्हाडी बोली पुस्तकात आहे याचंच आधी सगळ्यांना नवल. पण कौतिकचे हाल वाढत गेले तशी एक जण म्हणाली, "आज पुरे वं. घरीबी हेच हाय." दुसऱ्या दिवशी मात्र तीच सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मला असं पुस्तक हवं, ज्यातला एक तुकडा एका बैठकीत पुरा होईल, कारण रोज त्याच बाया येतील असं नसतं. दुःख चालेल, पण नुसतं दुःख नको. आणि दुसऱ्या मुलखातल्या बाया कशा जगतात हे त्यांना ऐकायचं आहे. हे त्यांनी स्वतः सांगितलं.

स्पर्धा परीक्षा देणारी मुलं आहेत. गाईडांपलीकडे जात नव्हती. त्यातल्या एकाला 'एक होता कार्व्हर' दिलं. सतत कापूस घेऊन उतरलेली अलाबामाची जमीन, आणि भुईमूग लावून ती सुधारा असं शेतकऱ्यांना सांगत फिरणारा माणूस. पऱ्हाटीच्या वावरात वाढलेल्या पोराला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. ते पुस्तक आता मुलांमध्येच फिरतं आहे, कपाटात परत आलेलं नाही. विज्ञान, शेती, जंगल, पैसा यांवरचं असं माहितीचं पण गोष्टीसारखं वाचलं जाणारं अजून काय आहे?

आठवीतली एक मुलगी आहे. फास्टर फेणे संपला. तिला रहस्य हवं, अंतराळ हवं, भूतही चालेल म्हणते.

आणि मी. 'बारोमास' वाचलं तेव्हा आमच्याच घरातलं कुणी बोलतंय असं वाटलं होतं. गावाकडचं मी खूप वाचलं आणि ते माझं आहे. पण आता लांब जावंसं वाटतं. समुद्र मी पाहिलेला नाही, बर्फ पाहिलेला नाही. मराठीतून वाचता येईल असं सांगा, इंग्रजीचा वेग मला नाही.

नावं सांगाच. पण त्याहून जास्त हे सांगा की तुमचं स्वतःचं पुढचं पुस्तक तुम्हाला सापडतं कसं? ती रीत कळली तर पुढच्या वर्षी मला कुणाला विचारावं लागणार नाही.

वर्धाकाठ:

काकाजींचा प्रश्न फार आवडला. कादंबरीच्या शेजारी त्याच विषयावरचा इतिहास ठेवा, असं मी सुचवेन. 'श्रीमान योगी' झालं ना? मग नागपूरच्या विजयराव देशमुखांचं 'शककर्ते शिवराय'. पानिपतावरची कादंबरी वाचली असेल तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपत. लेखक पुराव्यावर कसा वाद घालतो हे त्यात दिसतं, आणि काकाजींसारख्या माणसाला तेच हवं असणार.

वऱ्हाडासाठी या. मा. काळ्यांचा 'वऱ्हाडचा इतिहास'. काकाजींना एवढं आधी सांगा: १८०३ च्या नोव्हेंबरात अकोल्याकडच्या आडगावला नागपूरच्या भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड निजामाकडे गेला. पुढे १८५३ मध्ये निजामानं तो इंग्रजांच्या हवाली केला. चिखलदऱ्याला जाणारे आपले लोक गाविलगडावर फोटो काढून येतात, पण हे माहीत नसतं. काकाजी पुस्तकाची वाट बघत बसतील बघा.

निवृत्त ग्रंथपाल:

पळसफूल ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझी सगळी नोकरी याच प्रश्नात गेली.

लेखकाचा माग सगळेच काढतात. तुम्ही अनुवादकाचा काढा. अनुवादक एक पुस्तक करण्यात कित्येक महिने घालवतो, म्हणून चांगला अनुवादक निवडूनच घेतो. उमा कुलकर्णी हे नाव धरलं की कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या 'पर्व', 'वंशवृक्ष'पासून सुरुवात होते आणि अख्खं कर्नाटक उघडतं. त्यांनी अनुवादलेल्या एका लेखकाचं काही वाचून आवडलं, तर दुसऱ्यावर विश्वास टाकायला हरकत नाही. सुधा मूर्तींची पुस्तकं मराठीत आणणाऱ्या लीना सोहोनींचं नावही असंच लक्षात ठेवा. नाव मुखपृष्ठावर नसेल तर आतल्या पानावर बघा, फोटो मागवा.

दुसरं, साहित्य अकादमीच्या पुरस्कारांच्या याद्या. मुख्य पुरस्काराचीच चर्चा होते, पण तुम्हाला बाकीच्या जास्त कामाच्या. अनुवादाचा पुरस्कार १९८९ पासून आहे, बालसाहित्याचा २०१० पासून, तरुण लेखकांचा २०११ पासून. प्रत्येक भाषेची वेगळी यादी असते. मराठीच्या या तीन याद्या उतरवून घेतल्या की नेटवरच्या 'शंभर पुस्तकां'त न येणारी नावं समोर येतात. पुरस्कार म्हणजे पुस्तक तुमच्या गावाला रुचेलच असं नाही, पण निदान काही जाणत्या माणसांनी ते शेवटपर्यंत वाचलेलं असतं.

नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' मालाही बघा. एका भारतीय भाषेतली पुस्तकं दुसरीत आणण्यासाठीच ती काढली, आणि किमती आपल्यासारख्या वाचनालयांना झेपणाऱ्या असतात.

चाळता येत नाही या अडचणीवर माझा उपाय दिवाळी अंक. १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आपली ही परंपरा आहे. एका अंकात पंधरा-वीस लेखक भेटतात. कादंबरीला दोन-तीनशे रुपये घालण्याआधी त्याच लेखकाची एक कथा वाचून बघता येते. दिवाळी उलटल्यावर काही विक्रेते अंक कमी किमतीत देतात, तेव्हा घ्या. कुठल्या लेखकाच्या पानांना जास्त हात लागलेत ते उन्हाळ्यात तपासा, पानंच सांगतील. शिवाय 'ललित' मासिक लावा. १९६४ पासून ते पुस्तकांविषयीच बोलतं आहे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. दुपारच्या वाचनाला तीही चालतील.

कोरडवाहू:

मुलांसाठी मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची'. गडचिरोलीतलं मेंढा लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. जंगलावरचा सामूहिक हक्क, ग्रामसभा, कायदा, सगळं आहे. परीक्षेतही उपयोग होईल, पण त्यासाठी देऊ नका, त्यांच्या गावासाठी द्या. अच्युत गोडबोल्यांचं 'किमयागार' शास्त्रज्ञांवर आहे, जाड आहे, पण हवं ते प्रकरण आधी वाचता येतं. 'सेपियन्स' मराठीत आलं आहे. आणि मारुती चितमपल्लींची पुस्तकं नसतील तर आधी ती घ्या. नवेगावचं जंगल, तळं, पक्षी. आपल्याच रानातल्या पाखरांची नावं आपल्याला येत नाहीत, ती तिथे सापडतात.

चिंचोका:

आठवीतल्या ताईसाठी: सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा, अशोक जैन यांचा अनुवाद. ग्रंथपाल काका म्हणतात ते अनुवादकाचं इथेही लागू. अंतराळासाठी जयंत नारळीकरांची 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला'. भुतांसाठी नारायण धारप आहेत, पण दहावीनंतर द्या, माझ्या घरी रात्री दिवा चालू ठेवावा लागला होता. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, त्याला पैसे लागत नाहीत.

वर्धाकाठ:

बायांसाठी दया पवारांचं 'बलुतं' किंवा बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' ही दलित आत्मकथनं सुचवावीशी वाटतात. दुःख नको म्हणून ही पुस्तकं बाजूला पडू नयेत.

निवृत्त ग्रंथपाल:

बाजूला पडू नयेतच. पण ताईंनी 'नुसतं दुःख नको' म्हटलं आहे. ऊर्मिला पवारांचं आत्मकथन 'आयदान' बघा. कोकणातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जातात, वाटेत थट्टा, शिव्या, थकवा सगळं चालू असतं. कापसाच्या वावरातून आलेल्या बाईला ती वाट ओळखीची वाटेल आणि मुलूख मात्र नवा असेल. एका बैठकीत पुरं होणारं हवं तर 'माणदेशी माणसं', एकेक माणूस वेगळा. त्यात पुरुष जास्त आहेत, ते बायांना आधी सांगून टाका.

आणि तुमच्यासाठी ताई: समुद्राकरता 'एका कोळियाने'. हेमिंग्वेच्या छोट्या कादंबरीचा पुलंनी केलेला अनुवाद. बर्फाकरता 'रारंग ढांग', हिमालयात रस्ता बांधणाऱ्या माणसांची कादंबरी. त्यानंतर मीना प्रभूंचं 'दक्षिणरंग', दक्षिण अमेरिकेला नेतं.

पळसफूल:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, समितीला आजच हा धागा वाचून दाखवला. आडगावची लढाई ऐकल्यावर काकाजींनी लगेच नकाशा मागितला. शाळेतून आणून भिंतीवर लावला आहे.

बायांना 'आयदान' आणि 'जिणं आमुचं' या दोन्ही पुस्तकांविषयी थोडक्यात सांगितलं आणि त्यांनाच निवडायला लावलं. 'आयदान' ठरलं. त्यानंतर 'जिणं आमुचं' घ्यायचं हेही त्यांनीच ठरवलं, वर्धाकाठ दादा, म्हणजे ते बाजूला पडत नाही. एकीनं विचारलं की कोकणातल्या बाजारात तेव्हा काय काय विकत होत्या. मी म्हटलं, वाचू तेव्हा कळेल.

अनुवादाच्या पुरस्कारांची यादी वहीत उतरवायला घेतली आहे. अकादमीच्या यादीतलं एखादं पुस्तक छापून संपलेलं असेल तर वाचनालयानं काय करावं? आणि काळ्यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरच्या कुठल्या ग्रंथालयात कुणी स्वतः पाहिला असेल तर कृपया सांगा. काकाजी बसनं जाऊन तिथेच बसून वाचायला तयार आहेत.