रिपन म्हणजे आपलाच तो रिपन

'धरणाने एक धबधबा गिळला, एवढंच' असं युगांडातल्या रिपन धबधब्याबद्दल कुणीतरी म्हटलंय. एवढंच नाही हो. जिंजा शहराजवळचा हा धबधबा उंचीला जेमतेम १२ फूट, पण तो कातळ म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराचा उंबरठाच. नाईलमध्ये पाणी किती जायचं ते तोच ठरवायचा. १९५४ मध्ये खाली ओवेन फॉल्स धरण झालं आणि ते काम दरवाजांकडे गेलं. मग जुना धबधबा सोडायचा तेवढंच पाणी सोडायचं म्हणून सरोवराची पातळी किती असताना किती पाणी सोडायचं याचा आलेख ठरवून घ्यावा लागला!

१८६२ मध्ये स्पीक या ब्रिटिश शोधप्रवाशाने इथे हजारो मासे धबधब्यावर उड्या घेताना पाहिले होते. आणि त्याने धबधब्याला ज्याचं नाव दिलं तो रिपन म्हणजे पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आलेला, शाळेतल्या 'स्थानिक स्वराज्य' धड्यातला रिपनच.